‘निवांत’चा कागद

२३ फेब्रुवारी, सोमवार

मशीन घेऊन पुण्याहून लोहाऱ्याला परत आलो त्याला वर्ष होत आलं, पण मी नेमका कोण आहे हे गावानं अजून ठरवलेलं नाही. माझ्या मते मी लाकडात नावं आणि नक्षी कापणारा कारागीर. माझ्याकडं स्क्रोल सॉ आहे. टेबलावर ठेवायचं मशीन. त्यात बारीक उभं पातं वरखाली होत राहतं, आपण फळी हातानं फिरवायची आणि तिच्यावर चिकटवलेल्या कागदावरच्या रेघा कापत जायच्या. गावाच्या मते हे शिलाई मशीन आहे. आज सकाळीच शेजारचे मच्छिंद्रमामा पँट घेऊन आले आणि म्हणाले, “खालनं दोन बोटं आत घे.” मी समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं, मग नुसती टीप मार.”

तेव्हा आजपासून दैनंदिनी लिहायची. मोठ्या उद्योजकांना पुढं मुलाखतीत सुरुवातीच्या दिवसांबद्दल विचारतात. तेव्हा काही आठवत नाही म्हणणं बरं दिसत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

लिहिण्यासारखं काम आलं! तहसीलमधल्या संघप्रिया मॅडम जेवणाच्या सुट्टीत आल्या. राजपाल पेंटरची मुलगी. राजपाल पेंटर मागच्या वर्षी गेले. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या, विहिरींवरची नावं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची अक्षरं त्यांच्या हातची. मायलेकींनी आता गावाच्या कडेला घर बांधलंय. घराचं नाव ‘निवांत’. पेंटरनीच ठेवलेलं, आणि जाण्याआधी कागदावर पोस्टर कलरनं काढूनही ठेवलेलं. ते लाकडात कापून दारावर लावायचंय.

कागद उलगडला आणि मी बघतच राहिलो. ‘व’ पोटभर जेवून बसल्यासारखा, ‘त’ची शेपटी सैल सोडलेली, आणि वरचं टिंब जोंधळ्याच्या दाण्याएवढं, बरोब्बर जागेवर. असा हात आता होणे नाही.

“जपा हं कागद,” त्या म्हणाल्या. “बाबांनी शेवटचं काढलेलं हेच. झेरॉक्स काढा न् कागद मला परत द्या. पंधरा मार्चला रविवारी घरात जायचंय.”

मी त्यांना माझी पद्धत सांगितली. आधी फळीवर निळी चिकटपट्टी लावायची आणि कागद तिच्यावर चिकटवायचा. कापून झालं की पट्टी ओढायची. कागदासकट सगळं निघतं आणि लाकूड कोरं राहतं. कागद थेट लाकडाला चिकटवणारा माणूस अडाणी, असंही म्हणालो. त्या हसल्या. एकंदरीत छाप चांगली पडली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मेलो.

सकाळी लाइट नव्हती, म्हणजे झेरॉक्स बंद. अक्षरं सागवानाच्या फळीवर कशी बसतील हे बघायला कागद फळीवर ठेवला आणि चिकटपट्टीचा रोल संपला होता म्हणून तेवढा आणायला उमरग्याला जीपनं गेलो. परत आलो तर आई दारातच उभी.

“तुजं काम करून ठिवलंय बग,” म्हणाली.

फळीवर कागद. कागदावर पिठाचा डबा. डब्यावर पाटा. पट्टी नाही, झेरॉक्स नाही. राजपाल पेंटरांचा कागद थेट फेविकॉलनं लाकडाला.

“रोज बगती की म्या तुला. हातानं दाबून दाबून बसिवलंय. एक फुगा न्हाय ऱ्हाऊ दिला.”

खरंच एक फुगा नव्हता. माझ्याच्यानंसुद्धा इतका सपाट कागद कधी बसला नाही. मी म्हणालो, “लई भारी केलंस, आई,” आणि मागं जाऊन धुण्याच्या दगडावर बसलो.

तिला सांगता येत नाही. पुण्याची नोकरी सोडून आलो तेव्हा सगळ्या भावकीनं मला मूर्खात काढलं, आई एकटी माझ्या बाजूनं बोलली. आज पहिल्यांदा तिनं माझ्या धंद्याला हात लावला आणि तिचा चेहरा बघवत नव्हता इतका खुशीत होता. तो कागद कुणाचा आणि कसला होता हे कळलं तर ती चार दिवस जेवणार नाही. हे कुणाला म्हणजे कुणालाच कळता कामा नये.

२८ फेब्रुवारी, शनिवार

वेगळ्या फळीच्या तुकड्यांवर मी स्वतः पोस्टर कलरनं ‘निवांत’ लिहिलेले कागद चिकटवून प्रयोग केले. निष्कर्ष असा. फेविकॉल सुटतो पाण्यानं. पोस्टर कलरही सुटतो पाण्यानं, आणि तो आधी सुटतो. रॉकेल आणि थिनरनं रंगाला फार काही होत नाही, फेविकॉललाही काही होत नाही, फक्त घराला वास येतो. म्हणजे जे औषध रोगाला लागू पडतं ते आधी रोग्यालाच मारतं.

आईनं तुकडे बघितले. “तुजं अक्षर लई बिगडलंय रं,” म्हणाली. बराच वेळ माझ्याकडं बघत उभी राहिली. मी शीळ वाजवली. तिला काही संशय नाही.

१ मार्च, रविवार

पुण्याच्या कारखान्यातला माझा दोस्त शिवकुमार याला फोन केला. तो म्हणाला, “पॉलिश पेपरनं घासून काढ कागद, हाय काय त्यात.” मी म्हणालो, अरे, मला लाकूड नको, कागद पाहिजे. मग म्हणाला, “तर मग मागनं लाकूड घासून काढ.”

फोन ठेवल्यावर हसलो. मग वाटलं, यात तथ्य आहे. प्रयोगाचा एक तुकडा उलटा पाडून मागून रंधा मारत गेलो. फळीची पट्टी झाली, पट्टीचा पापड झाला, आता फक्त कागद उरणार अशा वेळी पापड मधोमध फाटला. अख्खी दुपार गेली. कपड्यातून अजून भुसा निघतोय.

२ मार्च, सोमवार

संघप्रिया मॅडम आल्या. मी फळीवर गोणपाट टाकून त्याच्यावर बसलो.

“कुठवर आलं?”

“लाकूड अजून ओलं आहे. वाळू द्यावं लागतं.”

“पण तुम्ही म्हणाला होतात, जुनं सागवान आहे, चांगलं मुरलेलं.”

“मुरलेलं आहे, पण... परवा जरा धुतलं.”

लाकूड धुतात का, असं त्यांनी विचारलं नाही हे माझं नशीब. तेवढ्यात आईनं त्यांना चहाला आत बोलावलं. किती वेळ लावला दोघींनी! आधी बोलणं ऐकू येत होतं, मग काहीच येईना. बाहेर आल्या तेव्हा मॅडमचे डोळे लाल होते. आई फोडणीत मिरच्या घालते त्याला काही हिशेबच नसतो, पाहुण्यांना बिचाऱ्यांना सवय नसते. माझ्याकडं एकदा बघून निघून गेल्या.

आईला विचारलं काय बोलत होतात. म्हणाली, “जोंधळ्याचा भाव.”

४ मार्च, बुधवार

वाटलं होतं आता आठवडाभर येणार नाहीत. आल्या. आल्या तेव्हा चेहरा कडक, जाताना एकदम प्रसन्न.

मी म्हणालो, पात्यांचं पार्सल पुण्याहून एसटीनं यायचं होतं, ते हरवलं. असली थाप मारताना बारीकसारीक तपशील द्यावेत असं मला वाटतं, म्हणून गाडीचा नंबरसुद्धा सांगितला. त्यांनी लगेच फोन बाहेर काढला. “माझा आतेभाऊ डेपोतच आहे, आत्ता विचारते.” मी म्हणालो, “थांबा, थांबा, सापडलं!” कुठं सापडलं? पिठाच्या डब्यात.

त्या खुर्चीवर बसल्या. पदर तोंडाला लावून खोकत होत्या. आमच्या दुकानात भुसा फार उडतो.

६ मार्च, शुक्रवार

नवी युक्ती. बोटाला पट्टी बांधून बसलो. पात्यानं बोट कापलं, डॉक्टरनी चार दिवस काम बंद सांगितलं. मॅडमनी फार वाईट वाटल्यासारखा चेहरा केला.

७ मार्च, शनिवार

तहसीलला सुट्टी असून आल्या. जखमेला लावायला घरून हळद-तेल आणलं होतं. आणि डब्यात शेंगाच्या पोळ्या. मी हात पुढं केला.

“काल डाव्या हाताला होती ना पट्टी?”

मी सांगितलं की दुखणं सरकलं.

आता मला सगळं स्पष्ट दिसतंय. ही महसूल खात्याची पद्धत आहे. आधी गोड बोलून स्थळपाहणी करायची, दर खेपेला एखादी विसंगती टिपायची आणि पुरेशा विसंगती जमल्या की नोटीस. पोळ्या चांगल्या होत्या. पण त्या जबाब नोंदवायला आलेल्या बाईच्या पोळ्या आहेत हे मी एक क्षणही विसरलो नाही. पाच खाल्ल्या.

आईनं माझे दोन शर्ट इस्त्री करून ठेवलेत आणि केस कापायला पाठवलं. भुशात बसणाऱ्या माणसाला इस्त्री कशाला हवी, हे विचारलं तर म्हणाली, “गप ऱ्हा, घाल.”

९ मार्च, सोमवार

आज पाच मिनिटं मी जगातला सर्वांत सुखी माणूस होतो.

पार्लरवाल्या चैतालीताईंकडून केस वाळवायचं मशीन मागून आणलं. उष्णतेनं फेविकॉल मऊ पडतो, रंगाला काही होत नाही. प्रयोगाच्या तुकड्यावर जमलं. मग हात धुतले, पाणी प्यायलो आणि खऱ्या कागदाला हात घातला. डाव्या कोपऱ्याखाली पातळ पट्टी सरकवली, गरम हवा सोडली, आणि कोपरा उठला! नखाएवढा, मग बोटाएवढा. रंग शाबूत. मी मनात राजपाल पेंटरांना जय भीम केला.

मग ‘न’च्या वेलांटीजवळ आलो, आणि कागद उठायच्या ऐवजी उकलायला लागला. वरचा पापुद्रा माझ्या हातात, खालचा लाकडावर. मी तिथंच थांबलो. अक्षराला लागायला केसाचं अंतर होतं. मशीन बंद केलं, पट्टी ठेवली आणि मला रडू आलं. लिहायला लाज कसली, आलं. एका माणसाच्या हातची शेवटची वस्तू, आणि मी ती केस वाळवायच्या मशीननं सोलत बसलोय.

आता हात लावायचा नाही. निघणार नाही तो.

११ मार्च, बुधवार

मॅडम आज कामाचं काही विचारायलाच आल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही कापताय ते बघायचंय जरा.” बोट बरं झालं का, हेही विचारलं नाही. मी पिंपळाचं पान कापत होतो. त्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, “मी बघू का करून?”

मी फळी कशी धरायची दाखवलं. ढकलायची नाही, नुसती वळवायची, पातं आपलं आपण पुढं जातं. त्यांनी ढकललं आणि पातं तुटलं. दुसरं लावलं. तेही तुटलं. तिसऱ्यानं मात्र एक वळण इतकं छान गेलं की त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. आई आतून पळत आली, बघितलं आणि तशीच परत आत गेली. काही आणायला आली असेल, विसरली असेल.

निघताना म्हणाल्या, “तुम्ही कापताना जीभ बाहेर काढता. बाबापण रंगवताना तसंच करायचे.” मी आरशात बघून खात्री केली. खरं आहे. पण समोरच्याच्या व्यंगावर असं बोट ठेवू नये.

नाव कापायला घ्यावं का, असंही आज मनात आलं. कापलं तर पाटी वेळेवर होईल, पण कागदातून पातं जाईल. अक्षरांच्या कडेकडेनं तुकडे होतील. काहीही केलं तरी त्यांच्या बापाचा कागद जातोच. झोपलो तरी हेच, उठलो तरी हेच.

१४ मार्च, शनिवार

उद्या त्यांचा गृहप्रवेश. सकाळी ठरवलं की आज थाप नाही. त्या आल्या तसा मी उभा राहिलो, गोणपाट काढलं आणि फळी पुढं ठेवली.

“मॅडम, हा तुमचा कागद. झेरॉक्स काढायच्या आधीच मी तो लाकडाला चिकटवला. काढायचा प्रयत्न केला, निघत नाही. लाकूड ओलं नव्हतं, पार्सल हरवलं नव्हतं, बोट कापलं नव्हतं. तुम्ही काय म्हणाल ते मान्य आहे.”

त्यांनी फळी हातात घेतली. उठलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

“कुणी चिकटवला म्हणालात?”

“मी.”

“पिठाचा डबा वर तुम्ही ठेवला?”

तेवढ्यात आई आतल्या दारात येऊन उभी राहिली. डोळ्याला पदर.

“आरं, म्या त्याच दिशी वळखलं,” आई म्हणाली. “तू मागं दगडावर जाऊन बसलास तवाच. अन् पोरगी आली तसं तिला सांगून टाकलं. पाया पडाय गेले तर तिनंच माजे हात धरले.”

मी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. म्हणजे दोन तारखेपासून यांना सगळं माहीत! माझं धुतलेलं लाकूड, माझं सरकलेलं दुखणं!

“मग बोलला का नाहीत?” मी जरा चिडूनच विचारलं.

“त्या दिवशी लई राग आला होता,” संघप्रिया म्हणाल्या. “घरी जाऊन रडले. परत आले ते भांडायलाच आले होते. तर तुम्ही पिठाच्या डब्यात पार्सल सापडल्याचं सांगत होता. मला हसूच आवरेना. मग म्हटलं, बघू तरी उद्या काय सांगतात.” त्यांनी आईकडं बघितलं. “रोज नवीन थाप मारली तुम्ही. पण आईचं नाव एकदापण घेतलं नाही. आत्तासुद्धा नाही.”

मी केस वाळवायच्या मशीनची वायर गुंडाळली.

“आणि पाटीचं?” मी शेवटी विचारलं. “उद्या...”

“माझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या बापानं उभ्या आयुष्यात कागदावर कधी काढलं? फळी, पत्रा, भिंत. दवाखान्यात खाटेवर दुसरं काही देईनात म्हणून कागदावर काढलं, ते पण कुरकुर करत.” त्यांनी फळी छातीशी धरली. “आता फळीवर आलंय. कापू नका. आहे असंच राहू द्या.”

आई मोठ्यानं नाक ओढत होती.

दुपारभर बसून मी उठलेला कोपरा परत जागेवर चिकटवला. फेविकॉलनं. वरून पिठाचा डबा आईनंच आणून ठेवला. संध्याकाळी फळीच्या कडा गोल करून कागदावर पातळ वार्निशचे हात दिले.

१५ मार्च, रविवार

भंतेजींनी गृहप्रवेशाचा परित्राणपाठ घेतला. खीर होती. फळी दारावर मीच लावली. संघप्रियाच्या आई खाली उभ्या राहून सांगत होत्या, “डावीकडं... जरा वर... आता त्यांना आवडंल.” नंतर गावातली माणसं येऊन बघत होती आणि न सांगता म्हणत होती, राजपालचा हात आहे. एक म्हातारा तर म्हणाला, “आजच रंगवल्यासारखं दिसतंय.” मला फार बरं वाटलं. मी काहीच केलेलं नाही हे लक्षात असूनही वाटलं.

माझी आई आणि त्यांची आई दिवसभर एका चटईवर बसून होत्या. जोंधळ्याचा भाव, दुसरं काय.

१८ मार्च, बुधवार

नवीन काम! संघप्रिया मॅडमनीच दिलं. (मॅडम म्हणू नका म्हणाल्या. पण गिऱ्हाइकाला एकदम नावानं हाक मारणं धंद्याच्या शिस्तीत बसत नाही.) आतल्या खोलीच्या दारावर छोटी पाटी. कागदावर त्यांनी स्वतः पेन्सिलनं काढून आणलीय. वडिलांची सर नाही, पण ‘घ’ बरा जमलाय. अडचण अशी की कागदावर वर ‘संघप्रिया’ आहे आणि खाली रिकामी जागा.

“खाली काय येणार?”

“एक नाव.”

“कुणाचं? किती लांब आहे ते कळल्याशिवाय फळी कशी काढू?”

“तुमच्या नावाएवढी जागा सोडा,” त्या म्हणाल्या. “आणि झेरॉक्स नको. हाच कागद चिकटवा, कायमचा.”

कामाचा माणूस म्हणून मी माझं नाव कागदावर लिहून, मापून, तेवढी जागा आखली. पण मन लागेना. तहसीलमध्ये एवढ्या लांबीचं नाव कुणाचं आहे? नवीन आलेला एक जण आहे, गॉगल लावतो. त्याचं असणार. माझं काय जातंय म्हणा. संध्याकाळी तीन पाती तोडली.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी कागद तसाच समोर घेऊन बसलो होतो. आई चहा घेऊन आली. मी म्हणालो, “आई, त्या गॉगलवाल्याचं नाव काय गं?” तिनं आधी मला बघितलं, मग कागद बघितला, मग पेन्सिलनं आखलेल्या जागेत मापासाठी लिहिलेलं माझं नाव बघितलं. चहाचा कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी माझं डोकं धरून त्या कागदाकडं वळवलं.

“वाच की रं, येड्या. दोन्ही वाच.”

मी वाचलं. वर तिचं, खाली माझं. प्रसेनजित. आई हसत होती का रडत होती ते मी बघितलं नाही. इस्त्रीचा शर्ट घातला आणि जवळजवळ पळतच तहसीलला गेलो. दाराला कुलूप. पानटपरीवाला म्हणाला, “आज पाडवा हाय की, सायब.”

तिथून ‘निवांत’पर्यंत चालत गेलो. वाटेत काय बोलायचं ते चांगलं तयार केलं होतं. दार तिनंच उघडलं आणि मी सगळं विसरलो.

“माप घ्यायला आलोय,” मी म्हणालो.

तिनं माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं. टेप नव्हता, पेन्सिलसुद्धा नव्हती.

“या आत,” ती म्हणाली.